थेंब पडतो तिथे गळत नाही

कोणत्याही ट्रक टर्मिनसवर सकाळी लवकर गेलात आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या नुकत्याच निघून गेलेल्या असल्या, तर जमिनीकडे जरा निरखून पाहा. जिथे जिथे गाडी उभी होती, तिथे तिथे मातीवर काळे ठिपके दिसतील. कुठे रुपयाएवढा एकच, तर कुठे ताटलीएवढं थारोळं. जाणता माणूस त्या ठिपक्यांवरून गाडीची कुंडली मांडतो. ठिपका इंजिनाखालचा की गिअरबॉक्सखालचा, पातळ की चिकट, काळा की पिवळसर, यावरून मालकाच्या खिशाला केवढं भोक पडणार आहे याचा अंदाज त्याला येतो. आपल्यासारख्यांना तो नुसता डाग वाटतो. चप्पल वाचवत आपण बाजूने निघून जातो.

माझा या डागांशी संबंध आला तो बँकेच्या नोकरीमुळे. नव्वद सालाच्या आसपास काही वर्षं मी कोल्हापूर भागात फील्ड ऑफिसर होतो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार यांच्याबरोबरच एखाद-दुसरा ट्रक बाळगणारा छोटा वाहतूकदारही बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रात आला होता. त्याचा ट्रक बँकेकडे ‘नजरगहाण’ असे. हा शब्द मला नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आला आहे. गाडी कर्जदाराच्या ताब्यात, बँकेची फक्त नजर. आता नजर ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? नियमाप्रमाणे इंजिन नंबर आणि चॅसी नंबर पडताळायचा, विम्याची मुदत पाहायची आणि ‘वाहन सुस्थितीत आढळले’ असं लिहून सही करायची. पण ते इंजिन महिनाभरात बसणार असेल, तर सुस्थिती या शब्दाला काय अर्थ? उसाच्या हंगामात ट्रक आठ दिवस उभा राहिला की हप्ता थकतो आणि हप्ता थकला की आमच्या खतावणीत तांबडी रेघ येते. म्हणजे चेंबरखालच्या त्या काळ्या थेंबाचा माझ्या टेबलाशी अगदी सरळ संबंध होता.

त्या काळी रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य ट्रकांचं घराणं एकच होतं. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी करार केला आणि ट्रक बनवायला घेतले. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये, करार संपला. ट्रकच्या तोंडावरची तीन टोकांची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा ‘टी’ आला. आतलं इंजिन मात्र त्याच वळणाचं राहिलं : एका ओळीत सहा सिलिंडर, जड बिडाचा ब्लॉक, टर्बो वगैरे काही नाही. ६९२ आणि ६९७ ही त्या इंजिनांची नावं कोड्यासारखी वाटतात, पण ती सरळ आहेत. सहा सिलिंडर आणि सिलिंडरचा व्यास ९२ किंवा ९७ मिलिमीटर. या इंजिनांत संगणक नव्हता, सेन्सर नव्हता. डॅशबोर्डावर ऑइल प्रेशरचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा आणि ड्रायव्हरचे कान, एवढीच काय ती यंत्रणा.

ही इंजिनं वयात आली की गळतात, यात नवल काही नाही. इंजिन बाहेरून एकसंध दिसत असलं तरी ते जोडांचं बनलेलं असतं. ब्लॉकवर हेड, हेडवर टॅपेट कव्हर, पुढे टायमिंग कव्हर, खाली ऑइलचा चेंबर, बाजूला फिल्टर, पंप, कॉम्प्रेसर. प्रत्येक जोडात एक पॅकिंग असतं. कुठे कॉर्कचं, कुठे कागदाचं, कुठे तांब्याचं वॉशर. फिरणारी क्रँक ज्या दोन टोकांतून बाहेर येते तिथे सील असतं. जुन्या रचनेत मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी ग्रॅफाइट चोळलेली दोरी खाचेत बसवलेली असे. इंजिन रोज तापतं, रोज निवतं, अष्टौप्रहर थरथरतं. कॉर्क सुकतो, रबर कडक होतं, दोरी झिजते. माणसाची साठीनंतर जी अवस्था होते तीच ही. मला त्याबद्दल आता अधिक सहानुभूती वाटते, हे ओघाने आलंच.

पण गळतं आहे हे समजणं वेगळं आणि कुठून गळतं आहे हे समजणं वेगळं. हा फरक मला समजावला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी. पत्र्याची शेड, दारात लिंबाचं झाड, त्याखाली उघडून ठेवलेली इंजिनं. शिक्षण म्हणाल तर सातवी. मी पहिल्यांदा एका गाडीखाली वाकून, बेल हाऊसिंगच्या तळाशी लोंबणाऱ्या थेंबाकडे बोट दाखवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “सायब, आईल पडतंय कुठं ते बघू नगासा. वरनं भिजलंय कुठनं ते बघा.”

या दोन वाक्यांत सगळी विद्या आली. तेल पृथ्वीच्या नियमाने खाली येतं, आणि पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत मागे जो थेंब दिसतो, तो फक्त प्रवासाचा शेवट असतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून ठिबकतं. पाहणारा म्हणतो, मागचं सील गेलं. मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचं. सगळं करून गाडी पुन्हा जोडली की चार दिवसांनी त्याच भोकातून तोच थेंब. खराब काय होतं? वरचं एक कॉर्कचं पॅकिंग, ज्याला अर्धा तास पुरला असता.

म्हणून मिस्त्रींची पहिली अट असे ती गाडी धुण्याची. वर्षानुवर्षांची माती आणि ऑइल यांचा जो लेप इंजिनावर चढलेला असतो, त्यात गळतीचा उगम शोधणं म्हणजे शिमग्याच्या धुळवडीत रंग कोणी टाकला ते विचारण्यासारखं. इंजिन गार असताना रॉकेल आणि ब्रशने ते घासायचं, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं. डायनामो, स्टार्टर आणि वायरींवर प्लास्टिक बांधायचं. मग पूर्ण वाळू द्यायचं. संशय असलेल्या जोडांवर टाल्कम पावडरचा हलका थर मारायचा. इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवायचं आणि हातात बॅटरी घेऊन गप्प उभं राहायचं. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली की उगम सापडला. तेवढ्याने नाही दिसलं, तर गाडी एक फेरी मारून आणायची आणि रात्री तिच्याखाली पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी पुठ्ठा सांगतो. शोधायचा तो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका. बाकी सगळा ओघळ.

दुसरी पायरी म्हणजे जे गळतं आहे ते काय आहे हे ओळखणं. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं होतं. गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं, काळं नसतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. मागच्या सीलचा संशय असताना थेंब बोटावर घेऊन नुसता हुंगला, तरी निम्म्या वेळा खटल्याचा निकाल लागतो. थेंब पातळ असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गोष्ट अधिक गंभीर. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर पंपाकडून डिझेल चेंबरमध्ये उतरतं आहे असं समजावं. अशा पातळ झालेल्या ऑइलला जोडांतून बाहेर पडायला सोपं जातं आणि बेअरिंगांचं संरक्षण करणं अवघड. तिथे पॅकिंग बदलून काय होणार? ऑइल तर पाणीच झालेलं असतं.

तिसरी पायरी बाजू ओळखण्याची. इंजिनात ऑइलच्या दोन बाजू असतात, एक दाबाची आणि एक शिंतोड्यांची. पंपापासून फिल्टर, कूलर, प्रेशरच्या काट्याकडे जाणारी बारीक नळी ही सगळी दाबाची बाजू. टॅपेट कव्हर, चेंबर, क्रँकचं सील ही शिंतोड्यांची. शिंतोड्यांच्या बाजूची गळती महिनोन्महिने झिरपत राहते. दाबाच्या बाजूची नळी फुटली तर काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो आणि खंबाटकी घाटाच्या मध्यावर बेअरिंग जाम होतात. म्हणून दाबाच्या बाजूची साधी ओलही मिस्त्री सोडून देत नसत आणि चेंबरच्या पॅकिंगच्या ओलीकडे मात्र, “न्हाऊ दे तिला, मग बघू,” म्हणून कानाडोळा करत.

बँकेतल्या माणसाला आकडे लागतात, म्हणून मी एकदा हिशेब मांडला. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले आणि दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर ऑइल जातं. दहा सेकंदांना एक थेंब असेल, तर चारशे मिलिलिटरच्या वर. “थोडंसं गळतंय” या शब्दांत या दोन्ही गोष्टी बसतात. एकीत मालक फक्त वैतागतो, दुसरीत बुडतो. तेव्हापासून कोणी गळतीची गोष्ट काढली की मी विचारतो, मोजलंत का? दर सकाळी सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक पाहून वहीत एक ओळ लिहायला काय लागतं? पण ती वही शंभरातल्या पाच गाड्यांतही सापडत नसे.

आता एक हकीकत सांगतो. १९९१ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक कर्जदार माझ्याकडे आला. जुना सहा सिलिंडरचा ट्रक, कोल्हापूरचा गूळ गुजरातेत पोचवण्याचं काम. तीन हप्ते थकलेले. हातात एका गॅरेजचं एस्टिमेट, ‘फुल इंजिन’चं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं. रक्कम मूळ कर्जाच्या बाकीइतकी होती. त्याची तक्रार अशी की गाडी चोहीकडून गळते. टॅपेट कव्हर, पुढचं सील, मागचं सील, अगदी डिपस्टिकच्या भोकातूनसुद्धा. वर्षात दोनदा सगळी पॅकिंगं बदलून झाली, महिन्यात पुन्हा तेच. गॅरेजचं म्हणणं, रिंगा गेल्या, इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय, आता पूर्ण उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

बॅक कॉम्प्रेशन हा आपल्याकडच्या गॅरेजांतला फार मार्मिक शब्द. सिलिंडरमध्ये जो जाळ होतो त्याचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरकडे उतरतो. थोडा उतरणारच. तो बाहेर सोडण्यासाठी ब्रेदर नावाची नळी असते. रिंगा झिजल्या की हा वायू वाढतो, चेंबरमध्ये दाब साठतो आणि मिळेल त्या जोडातून ऑइलला बाहेर ढकलतो. मग तुम्ही परदेशी पॅकिंग बसवा की देशी, ते टिकत नाही. आत दाब असेल तर बाहेरच्या लिंपणाला अर्थ नसतो.

मी कर्जदाराला घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी एस्टिमेट पाहिलं नाही, इंजिन चालू करायला लावलं. ऑइल भरण्याच्या तोंडाचं झाकण काढून ते तिथेच उलटं, नुसतं टेकवून ठेवलं. झाकण टणाटण नाचायला लागलं. कर्जदाराचा चेहरा पडला. माझाही थोडा पडला असावा, कारण त्या झाकणाबरोबर माझी वसुलीही नाचत होती.

मिस्त्री मात्र प्रश्न विचारत बसले. सकाळी गाडी कितव्या सेल्फला उठते? पहिल्याच. निळा धूर मारते? नाही. घाटात ओढ कमी झाली? नाही, तशीच आहे. ते मान हलवून म्हणाले, “रिंगा गेल्या असत्या तर इंजान रडत उठलं असतं.” मग त्यांनी ब्रेदरची नळी काढली. तिच्या खालच्या टोकात चिखल सुकून बसला होता. ती साफ करून लावली. झाकणाचं नाचणं थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “सकाळी हवा भरायला किती येळ लागतो?” ड्रायव्हर म्हणाला, पूर्वीपेक्षा दुप्पट. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडला, तर पाण्याबरोबर काळं ऑइल आलं.

ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हा इंजिनाच्या अंगावर बसवलेला एक छोटा पंपच असतो. त्यालाही पिस्टन असतो, रिंगा असतात आणि त्याचं वंगण इंजिनाच्याच ऑइलमधून येतं व परत इंजिनातच जातं. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर हवेच्या टाकीत जातं आणि दाबलेली हवा खाली इंजिनाच्या पोटात. मिस्त्रींनी चाकांखाली दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि कॉम्प्रेसरची टाकीकडे जाणारी नळी सोडवली, म्हणजे त्याला दाब धरायला जागाच राहिली नाही. इंजिन पुन्हा चालू केलं. झाकण टेकवलं. ते किंचित थरथरलं आणि शांत बसलं.

गुन्हेगार सापडला होता. इंजिनाच्या सहा सिलिंडरांवर आळ आला होता आणि चोरी सातव्याची होती. खात्रीसाठी त्यांनी नोझल काढून सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडे एकमेकांच्या जवळ आणि पुरेसे होते. कॉम्प्रेसरचं काम झालं, ब्रेदर साफ झाला, मग शेवटी पॅकिंगं आणि सीलं बदलली. या क्रमाला महत्त्व आहे. एस्टिमेटच्या एक अष्टमांशाहून कमी खर्चात ट्रक हंगामाला उभा राहिला. मी माझ्या तपासणी अहवालात ‘वाहन सुस्थितीत आढळले’ या वाक्याऐवजी दीड पान लिहिलं. शाखाधिकाऱ्यांनी ते वाचून, “तुम्ही कादंबरी लिहा,” असा शेरा तोंडी मारला. पुढे मी तो शब्दशः पाळला, ही गोष्ट वेगळी. कर्ज मुदतीत फिटलं.

उगम सापडल्यावरची दुरुस्तीही हाताची परीक्षा घेणारी असते. पहिला मोह असतो तो पाना जोरात फिरवण्याचा. टॅपेट कव्हर पत्र्याचं आणि पॅकिंग कॉर्कचं. बोल्ट आवळत गेलात की बोल्टाभोवतीचा पत्रा खाली दबतो, मधला वर उचलला जातो, कॉर्क चिरतो आणि गळती वाढते. अशा कव्हरची कड सपाट लाकडावर ठेवून हातोडीने अलगद सरळ करावी लागते, जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून कोरड्या कराव्या लागतात, आणि मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, हलक्या हाताने बोल्ट आवळायचे. तांब्याचं जुनं वॉशर फेकायचं कारण नाही. ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं आणि पुन्हा धरतं. क्रँकवर जुन्या सीलने चर पाडलेला असेल, तर नवं सील त्याच चरावर बसवून उपयोग नसतो. जागा असेल तर ते किंचित आत सरकवायचं, म्हणजे त्याची ओठाळी नव्या, गुळगुळीत जागेवर टेकते.

दुसरा मोह सिलिकॉनच्या ट्यूबचा. थोडं लावलं तर बरं, मग भरपूर लावलं तर अधिक बरं, असा आपला हिशेब. बाहेर जेवढं पिळून निघतं तेवढंच आतही निघतं. आतला तो रबराचा दोरा सुटतो, चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पंपाला ऑइल ओढता येत नाही. थेंब थांबवण्यासाठी लावलेल्या मलमाने इंजिनाचा घसा आवळला जातो. बाहेरून मात्र इंजिन अगदी कोरडं, फोटो काढण्यासारखं दिसतं.

हे पाहताना मला माझी बँक आठवायची. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर, १९९२-९३ पासून, थकीत कर्जांची वर्गवारी करण्याचे नवे निकष बँकांना लागू झाले. त्याआधी न मिळालेलं व्याजही उत्पन्न म्हणून धरलं जाई आणि ताळेबंद कोरडा ठणठणीत दिसे. नव्या निकषांनी काय केलं, तर इंजिन धुतलं. धुतल्यावर गळती वाढली असं पुष्कळांना वाटलं. गळती तेवढीच होती, दिसायला लागली इतकंच. नवं कर्ज देऊन जुन्याचे हप्ते भरून घेणं हा सिलिकॉनच्या ट्यूबचाच प्रकार. तो त्यानंतरही चालला, आणि त्याचा दोरा कुठल्या जाळीवर जाऊन बसला हे आपण पुढच्या काळात पाहिलं आहे.

आता ही जुनी इंजिनं निरोपाच्या वाटेवर आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकांच्या गाड्या आल्या. वाहनं मोडीत काढण्याचं धोरण २०२१ मध्ये जाहीर झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं नोंदणीतून बाद झाली. जुन्या इंजिनांच्या धुराबद्दल मला काही गोडवे गायचे नाहीत; त्यांनी जायलाच हवं. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर पहिल्या पावसात दुचाकी घसरते, तेव्हा त्या थेंबाची किंमत मालकाच्या खिशापुरती राहत नाही. वापरलेलं ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गटारात ओतण्याची वस्तू नव्हे, हे अजून कितीतरी गॅरेजांच्या दारातली माती पाहिली की पटत नाही. पण नव्या इंजिनालाही पोट आहे, त्यातही वायू उतरतो आणि त्याचीही बाहेर जायची वाट तुंबली की सीलं जातात. डॅशबोर्डावर दिवा लागतो, यंत्र जोडलं की दोषाचा क्रमांक येतो. क्रमांक म्हणजेही एक थेंबच. तो जिथे दिसतो तिथेच दोष असतो असं नाही.

खरी अडचण वेगळी आहे. त्या दिवशी मिस्त्रींचे जवळजवळ चार तास गेले, ते पाहण्यात, विचारण्यात, नळी सोडवून पुन्हा लावण्यात. बिल झालं तेव्हा कॉम्प्रेसरचे पैसे लागले, पॅकिंगचे लागले, मजुरी लागली. पाहण्याचे काहीच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “बघायचं पैसं कोण देतंय वो सायब?” प्रश्न बिनतोड होता. मी आयुष्यभर जी एस्टिमेटं पाहिली, त्यांत सुट्या भागांची यादी असे, खोलण्या-जोडण्याची मजुरी असे. दोष शोधण्याच्या मजुरीची ओळ एकाही कागदावर नव्हती. असती तरी बँकेने ती कोणत्या सदराखाली मंजूर केली असती? ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम माणसं हळूहळू टाळायला लागतात. मग सोपा मार्ग उरतो तो एकच : उघडा, बदला, बिल करा. फुल इंजिन करणारा लबाड असतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त व्यवहारी असतो. पाहून सोडून दिलं तर त्याची चूल पेटत नाही, आणि उघडलं तर पेटते, अशी सोय आपणच करून ठेवलेली आहे.

आपल्याकडे मिस्त्री कमी आहेत, अशी ओरड मी ऐकतो. हात कमी आहेत असं मला वाटत नाही. पाहण्याची किंमत देणारे कमी आहेत. ज्याच्या दारात गळणारी गाडी उभी आहे, त्याने एवढंच करून पाहावं. गाडी धुवून न्यावी, सोबत डिपस्टिकची वही न्यावी, आणि मिस्त्रीला सांगावं की आज काहीच उघडायचं नाही, फक्त शोधायचं, आणि या शोधण्याची मजुरी अमुक. पहिल्यांदा तो चमकेल. मग पाना खाली ठेवून, हात पुसून, बॅटरी मागवेल.